नेपाळातील तीन वैशाख

परोपकारासाठी परदेशगमन ही कल्पना आमच्या पिढीस नवी आहे. आमच्या वडिलांच्या काळी प्रवास घडे तो तीर्थयात्रेच्या, नोकरीच्या अथवा लग्नकार्याच्या निमित्ताने. आणि परोपकार घडे तो घरच्या ओटीवर. आमचे वडील स्वतः पुण्यात सात घरी वार लावून शिकले. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि ज्या वाराचे घर सुटले त्या वारी उपास. त्या सात घरांची नावे त्यांना शेवटपर्यंत क्रमाने पाठ होती. परंतु वैशाखात शाळेस सुटी लागली की ते कोकणात आपल्या आईकडे जात; सात घरांपैकी एकाही घराने त्यांना 'तू आता आमचा' असे म्हटले नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

हल्ली मध्यम स्थितीतील सुशिक्षित कुटुंबे सुटीत मुलाबाळांसह परदेशी जातात, तेथील दरिद्री मुलांना आठ-पंधरा दिवस शिकवितात, त्यांच्याशी खेळतात, खाऊ व कपडे वाटतात आणि परत येतात. या प्रकारास हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आपल्या लेकराने दुसऱ्याचे दुःख डोळ्यांनी पाहावे असे ज्या आईबापांस वाटते त्यांची बुद्धी वाईट कोण म्हणेल? आमच्या चिरंजीवांस आणि सूनबाईंस २०१८ च्या दिवाळीत हीच इच्छा झाली. "अण्णा, पुढच्या मे महिन्यात आपण सर्वजण नेपाळात जाऊ आणि काही दिवस एखाद्या अनाथालयात काम करू," असे चिरंजीव म्हणाले, आणि एका प्रवासी मंडळीचे पत्रक त्यांनी आमच्या हाती दिले. त्यात हिमशिखरांवरचा सूर्योदय, रानातील हत्तीची फेरी, आणि त्याच ओळीत 'अनाथ बालकांच्या सहवासात तीन दिवस' अशी तिसरी बाब होती. तिचे मूल्य निराळे आकारले जाणार होते. आम्ही चष्मा पुसून ते कलम पुन्हा वाचले. हत्ती आणि अनाथ एका यादीत का, एवढेच आम्ही विचारले. चिरंजीव थोडे ओशाळले, पण बेत कायम राहिला.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या गृहसंस्थेचा पहारेकरी आमच्याकडे सल्ला विचारण्यास आला. हा मनुष्य नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातला. इमारतीतील सारे लोक त्यास 'बहादूर' म्हणतात. ते त्याचे नाव नाही, पण त्याने कधी तक्रार केली नाही. १९५० च्या तहापासून उभय देशांतील माणसांस सीमा मोकळी आहे, आणि गोरख्यातून पुण्यास येऊन दारावर उभे राहणारा हा काही एकटाच नव्हे. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावात एक सभ्य गृहस्थ आला आहे. मुलाला काठमांडूच्या वसतिगृहात ठेवतो, इंग्रजी शिकवितो म्हणतो. वीस हजार मागतो. दहा दिले आहेत. बाकीचे देऊ का?"

आम्ही विचारले, "वसतिगृहाचे नाव काय?" त्याला ठाऊक नव्हते. "मुलाला भेटायला जाता येईल का?" तो गृहस्थ म्हणाला होता की पहिली दोन वर्षे न भेटलेले बरे, मुलाचे लक्ष अभ्यासातून उडते.

एकाच दोरीची दोन टोके अशा रीतीने आमच्या दिवाणखान्यात आली. एका टोकास मुलगा देण्यासाठी पैसे मोजणारा बाप, आणि दुसऱ्या टोकास त्या मुलाच्या सहवासासाठी पैसे मोजणारा पाहुणा! दोघांचीही भावना शुद्ध. मध्ये कोण उभा आहे ते शोधण्यास आम्हांस काही दिवस वाचन करावे लागले.

जे कळले ते असे. १९९६ पासून २००६ पर्यंत नेपाळात माओवाद्यांचे यादवी युद्ध चालले. त्या धामधुमीत हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतील आईबापांकडून दलालांनी पैसे घेऊन मुले काठमांडूस आणली. तुमचे मूल लढाईपासून दूर राहील, शिकेल, असे आश्वासन दिले. हुम्ल्यास तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. मागून चौकशीस येणारा बाप येणार कसा? मुलांस अनाथ ठरविणारे कागद तयार झाले, आणि त्या कागदांवर परदेशी देणग्या येऊ लागल्या. २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण काठमांडूजवळच्या अशाच एका बालगृहात थोड्या दिवसांच्या सेवेसाठी गेला. तेथील मुलांचे आईबाप हयात असल्याचे त्यास आढळले आणि तो त्यांच्या शोधात हुम्ल्याच्या डोंगरांत पायी हिंडला. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिले व मुलांस घरी पोचविण्यासाठी संस्थाही काढली. २०१५ च्या २५ एप्रिलला मोठा भूकंप झाला. गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ त्याचा केंद्रबिंदू होता आणि सुमारे नऊ हजार माणसे दगावली. तो शनिवार होता. नेपाळात शाळांची सुटी शनिवारी असते, म्हणून कोसळलेल्या हजारो वर्गखोल्यांत मुले नव्हती. नाहीतर त्या संख्येचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. भूकंपानंतर दलालांचे पुन्हा फावेल हे ओळखून नेपाळ सरकारने पालकांवाचून मुलांस जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली आणि परदेशी दत्तकविधान थांबविले. त्या वेळी युनिसेफने जो आकडा प्रसिद्ध केला तो वाचून आमच्या कुटुंबाने हातातले निवडणे खाली ठेवले. नेपाळातील बालगृहांत त्या सुमारास पंधरा हजार मुले होती, आणि त्यांपैकी शेकडा ८५ हून अधिक मुलांच्या आईबापांपैकी निदान एक जण जिवंत होता. शिवाय तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी अवघ्या पाचांत शेकडा ९० बालगृहे. ते पाच जिल्हे सर्वांत दरिद्री असतील असे वाचकांस वाटेल, तर तसे नाही. परदेशी प्रवाशांची वर्दळ ज्यांत अधिक, ते ते जिल्हे होत.

हा रोग नेपाळचाच आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातून १८६९ पासून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, परोपकारी संस्थांमार्फत लाखभर मुले एकट्या कॅनडात शेतांवर धाडली गेली. त्यांतील कितीतरी अनाथ नव्हतीच. ऑस्ट्रेलियास गेलेल्या मुलांबद्दल त्या देशाच्या पंतप्रधानांनी २००९ साली आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी २०१० साली जाहीर क्षमा मागितली. तेथेही पैसे देणारे बहुतेक लोक सज्जनच होते.

असो. आम्ही पहारेकऱ्यास उरलेले दहा हजार देऊ नकोस असे सांगितले. दिलेले दहा हजार बुडालेच. त्याने ते व्याजाने काढले होते. ते फेडण्यास त्यास दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षात त्याच्या मनातून आमच्या सल्ल्याविषयीची शंका गेली नव्हती हे त्याच्या नमस्कारावरून आम्हांस कळे. मुलगा गावीच राहिला, पण गावच्या शाळेत सहावीच्या पुढे गणित शिकविणारा कोणी नव्हता. नुसते 'पाठवू नकोस' म्हणणारा मनुष्य अर्धाच सल्ला देतो. उरलेला अर्धा सल्ला कसा पुरवावा हे पाहण्यासाठी, पत्रक बाजूस ठेवून, २०१९ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण निघालो: आम्ही, आमचे कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांची नात.

गोरखपूरपर्यंत आगगाडी, पुढे सोनौलीची सीमा. शंभराहून मोठ्या भारतीय नोटा त्या वर्षी नेपाळात चालत नसत, म्हणून शंभराच्या नोटांची पुडकी सूनबाईंनी तांदळाच्या पिशवीत घातली होती. सीमा ओलांडताच घड्याळ पंधरा मिनिटे पुढे आणि संवत्सर सत्तावन्न वर्षे पुढे गेले: तेथे २०७६ साल चालू होते. पाट्या देवनागरीत असल्याने आम्हांस परदेश असा वाटेना. मात्र नात एका पाटीपुढे थबकली आणि हसत सुटली. पाटी होती 'शिक्षा कार्यालय'. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. चौतीस वर्षे शाळेत काढलेल्या आम्हांस हे शब्दैक्य अगदीच अनोळखी वाटले नाही!

चिरंजीवांच्या आग्रहावरून गोरख्यास जाण्यापूर्वी काठमांडूस एक बालगृह पाहण्याचे ठरले. त्याचे नाव आम्ही देत नाही. आम्ही गेलो तो बुधवार होता, आणि सकाळी अकरा वाजता तीसेक मुले अंगणात रांगेने उभी राहून आमच्यासाठी नाच करीत होती. आज शाळा नाही काय, असे आम्ही विचारले. व्यवस्थापक हसून म्हणाले, "आज पाहुणे आले ना!" एवढ्यात चार वर्षांची एक मुलगी धावत येऊन आमच्या नातीच्या मांडीवर बसली आणि तिने तिच्या गळ्यात हात टाकले. सूनबाईंचे डोळे भरून आले. आमचे कुटुंब मात्र गंभीर झाले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आपली नात चार वर्षांची असताना अनोळखी माणूस दिसला की माझ्या पदराआड लपत असे. ही पोर पाच मिनिटांत मांडीवर येते, ते प्रेमाने नव्हे. तिला कोणी आपले उरलेले नाही." पुढे वाचनात आले की इंग्रज वैद्य जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात मातृवियोगाने बालकांचे काय होते ते मांडले आहे, आणि रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० सालापासून १३६ बालकांवर चाललेल्या अभ्यासात, संस्थेत राहिलेल्यांपेक्षा कुटुंबांत वाढलेल्यांची बुद्धी व मन अधिक निकोप निघाले. वाटेल त्यास बिलगणे हे संस्थेत वाढलेल्या मुलांचे लक्षण म्हणून वैद्य नोंदवितात. आमच्या कुटुंबाने यांतले एक अक्षर वाचले नव्हते.

व्यवस्थापकांनी "मुलांना काहीतरी शिकवा" अशी विनंती केली. चिरंजीव इंग्रजी गाणे शिकवू लागले. आम्ही मास्तर, आम्ही वह्या मागितल्या. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वहीत 'मेरी आमा' हा निबंध होता. नेपाळी आम्हांस येत नाही, पण लिपी आपली आणि अर्धेअधिक शब्द संस्कृताच्या घरचे. सावकाश वाचले की उलगडते. आई पहाटे उठते, गवत कापण्यास जाते, तिला थंडीत खोकला होतो, आमच्या शेळीला तिने नाव ठेवले आहे. आम्ही क्रियापदांकडे पाहिले. 'उठ्नुहुन्छ', 'जानुहुन्छ'. शेजारी बसलेल्या मोठ्या मुलास विचारून खात्री करून घेतली: हा वर्तमानकाळ. गेलेल्या माणसासाठी 'हुन्थ्यो' येते. संस्कृतात सांगायचे तर येथे लट् होता, लङ् नव्हे. आणि भिंतीवरच्या तक्त्यात या मुलाच्या नावापुढे लिहिले होते: मातापिता नाहीत.

आम्ही व्यवस्थापकांस वही दाखविली. ते म्हणाले, शाळेत फळ्यावर लिहून देतात तेच मुले उतरवितात. फळ्यावरून उतरलेले निबंध आम्ही आयुष्यभर तपासले आहेत. त्यांतील आई वात्सल्याची मूर्ती असते, देवासमान असते. तिला खोकला नसतो.

आम्ही एक पैही न देता बाहेर पडलो, आणि दुसऱ्या दिवशी संबंधित सरकारी कचेरीत मुलाचे नाव, तारीख व पाहिलेली हकीकत लेखी देऊन पोच घेतली. त्या मुलाचे पुढे काय झाले ते आम्हांस आजतागायत कळलेले नाही. पोच आमच्या पेटीत आहे.

त्या रात्री धर्मशाळेत चिरंजीवांशी वाद झाला. ते म्हणाले, "अण्णा, सगळी व्यवस्था खोटी आहे असे धरले, तरी त्या तीस मुलांना उद्या सकाळी भूक लागणारच. आपण हात काढून घेतला तर त्यांनी काय खावे?" या प्रश्नात बळ आहे, आणि तो आम्हांस आजही पुरता खोडता येत नाही. खरे अनाथही असतात, प्रामाणिक बालगृहेही असतात. आम्ही इतकेच म्हणालो की गीतेच्या सतराव्या अध्यायात दानास देश, काल आणि पात्र पाहावे असे सांगितले आहे, आणि पात्र म्हणजे केवळ घेणारा हात नव्हे. तो हात कोणाच्या खांद्यास जोडलेला आहे तेही पाहिले पाहिजे. कण्वांनी शकुंतलेस पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले, पण तिची आई मेनका ही गोष्ट आश्रमात कोणी लपविली नाही. दुष्यंताने विचारताच सख्यांनी सांगितली. नेपाळचा २०१८ चा बालकांविषयीचा कायदाही तेच सांगतो: प्रथम कुटुंब, मग नातलग, संस्था अगदी शेवटी. चिरंजीव म्हणाले, "कायदा जेवण वाढत नाही." दिवा मालवला तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते, तेथील घड्याळाने पाऊण.

गोरख्याचे गाव मोटारीच्या रस्त्यापासून तीन तास चढावर. तेथे पहारेकऱ्याची आई, पत्नी आणि तो मुलगा होता. जेवणात 'ढिंडो' मिळाला, कोदोचा. कोदो म्हणजे आपली नाचणी, हे पहिल्या घासास कळले आणि कोकणातली आठवण झाली. शाळा पत्र्याची होती. जुनी दगडी इमारत भूकंपात गेली होती व नवी उभी राहत होती. मुख्याध्यापकांनी आमचे स्वागत फार आदराने केले आणि विचारले, आपण काय शिकविणार? आम्ही म्हणालो, महिन्याभरासाठी आलेला मास्तर शिकवितो काय आणि मुले शिकतात काय! त्रैराशिक समजते न समजते तोच तो निघून जातो. हे आम्ही विनयाने म्हणत नाही. ज्याने वर्ग सांभाळला आहे त्यास हे ठाऊकच असते. आम्ही रोज दोन तास वर्गात मागच्या बाकावर बसलो, सूनबाईंनी पुस्तकांची नोंदवही तयार केली, आमच्या कुटुंबाने शिवणाच्या यंत्रावर गणवेश दुरुस्त केले, आणि नात मुलींबरोबर गवत कापण्यास जाऊन हात कापून आली. परंतु खरे काम चौथ्या आठवड्यात झाले. नेपाळात सरकारी मंजुरीचे शिक्षक अपुरे पडले की शाळेची व्यवस्थापन समिती आपल्या पैशाने शिक्षक नेमते. त्यास 'निजी स्रोत' शिक्षक म्हणतात. त्याच तालुक्यातील गणित घेऊन पदवी मिळविलेली एक मुलगी नोकरीसाठी आखातात जाण्याच्या तयारीत होती. तिचे वेतन पुण्यातील आम्ही सहा घरांनी वाटून घ्यावे असे ठरले. सातवे घर पुढच्या वर्षी मिळाले, तेव्हा वडिलांच्या वारांची संख्या पुरी झाली. चिरंजीवांनी त्या प्रवासी मंडळीस द्यावयाची रक्कम याच खात्यात घातली. मनापासून घातली की वादास कंटाळून, ते आम्ही विचारले नाही.

गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी एक गुरुंग बाई आमच्याकडे आली. तिच्या हाती सहा वर्षांच्या मुलीचे चित्र होते. ती मुलगी २०१७ साली त्याच सभ्य गृहस्थाबरोबर काठमांडूस गेली. पहिल्या वर्षी दोनदा दूरध्वनी आला, नंतर नाही. "तुम्ही शहरात सगळीकडे हिंडता, ही दिसली काय?" असे तिने पहारेकऱ्याच्या पत्नीकरवी विचारले. आमच्या कुटुंबाने तिचा हात धरला आणि दोघी बराच वेळ तशाच बसल्या. एकीची भाषा दुसरीस येत नव्हती. परतीच्या वाटेवर चिरंजीवांनी आमच्याहून अधिक धावपळ केली. हरवलेल्या मुलांस घरी पोचविणाऱ्या एका संस्थेकडे त्यांनी चित्र व सर्व तपशील दिला आणि पुण्याहून दर महिन्यास तगादा लावला. मध्यंतरी २०२० ची महामारी आली, सीमा बंद झाल्या, शाळाही बंद पडली. गणिताच्या बाईंनी गावातील ओट्यांवर चार-चार मुले बसवून वर्ग चालविले. २०२१ च्या दसऱ्यास ती मुलगी घरी आली. दुसऱ्याच नावाने ती तीन निरनिराळ्या घरांतून फिरली होती.

२०२३ च्या वैशाखात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. ती नेपाळी उत्तम बोले, इंग्रजी गाणी म्हणे, पाहुण्यांपुढे नाच करण्यास तिला सांगावे लागत नसे; आईने तिला दोनदा हात धरून खाली बसविले. पण आजीची गुरुंग भाषा ती साफ विसरली होती, आणि आजीस दुसरी भाषा येत नव्हती. एका घरात आजी आणि नात समोरासमोर बसत आणि मधे आईने दुभाष्याचे काम करावे, असा प्रकार आम्ही आठ दिवस पाहिला. आईचे रागही होते. आपल्यास का धाडले, हे मुलीने तिला अद्याप विचारले नव्हते, आणि ती कधी विचारील या भीतीने ती बाई दिवसभर कामात गुंतून राही.

गेल्या खेपेस, २०२४ मध्ये, आमच्या नातीने तिला एक कोरी वही दिली. तीत ती देवनागरीत आजीचे शब्द लिहून काढते: पाणी, चूल, मका, पाऊस, जावई. जे उच्चार आपल्या लिपीत बसत नाहीत त्यांवर तिने आपल्या मनाने टिंबे व काने जोडले आहेत. आम्ही ते दुरुस्त करण्यास हात पुढे केला होता, पण वही तिची असल्याने मागे घेतला. पहारेकऱ्याचा मुलगा यंदा दहावीची परीक्षा देईल. बीजगणितात बरा आहे, भूमितीत कच्चा. गणिताच्या बाईंचे पत्र आले आहे की या वैशाखात येताना कंपासपेट्या आणाव्यात, चाळीस, आणि फळ्यावर वापरावयाचा लाकडी कोनमापक मिळाल्यास तोही. कोनमापक पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळाला. तो ट्रंकेत बसत नाही, म्हणून आमच्या कुटुंबाने त्यास जुन्या धोतराची पिशवी शिवली आहे.